त्यांचं बोलणं, माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. हे मी मोकळेपणानं सांगतो, कारण त्यात माझं श्रेय फार थोडं आहे. आमच्या शाळेत गुरुजी सगळ्यांना एकच कित्ता देत. शाई एकाच दौतीतली, बोरू एकाच जुडीतले. माझ्या शेजारी बसणारा मुलगा माझ्यापेक्षा जास्त गिरवायचा, तरी त्याची ओळ खाली उतरत जायची आणि माझी आखल्यासारखी यायची. त्याच मुलानं बुजलेल्या बैलाच्या मानेवर हात ठेवला की बैल शांत उभा राही. पुढे गावात कुणाची गाय अडली की लोक रात्री-बेरात्री त्याच्या दारावर थाप मारत, आणि तो बॅटरी घेऊन निघे. आम्ही दोघंही अमळनेर तालुक्यातले, बोरीकाठचे, एकाच गल्लीतले. मला अक्षर मिळालं, त्याला जनावरांचं मन मिळालं. दोघांनीही ते मागितलं नव्हतं.

आई वारकरी घरातली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं. चातुर्मासात शेजारच्या बायका जमवून ती मला पोथी वाचायला बसवायची. खेळ सोडून बसावं लागतं म्हणून मी कुरकुरलो की म्हणायची, "पांडुरंगानं दिलेलं आहे, कुलूप लावून ठेवू नको." हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. पोस्टात लागल्यावर ते रोज कामाला आलं.

बारावी झाल्यावर १९८१ साली मी पोस्टात कारकून म्हणून लागलो. पारोळा, धुळे, अमळनेर आणि शेवटी जळगाव अशा बदल्या होत गेल्या. काउंटरवरची कामं सगळीकडे सारखीच: रजिस्टर, मनीऑर्डर, बचत बँक, तिकिटं. पण खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या हातात कोरा फॉर्म असायचा आणि डोळ्यांत विनंती. काउंटर चालू असताना कुणाचं पत्र लिहीत बसता येत नाही, मागे रांग असते. म्हणून मी त्यांना थांबायला सांगायचो. काउंटर बंद झाला, रोख जुळली, थैलीला लाख लागली की बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसायचो. तोवर दोन-चार जण तिथे टेकलेले असायचेच.

त्या काळात खानदेशातलं निम्मं घर सुरतेत असायचं, असं म्हटलं तरी चालेल. इकडे कोरडवाहू शेती, पाऊस बेभरवशाचा, आणि तिकडे उधना-लिंबायत भागातले लूम. अमळनेर, पारोळा, धुळे, शिंदखेडा इथली तरुण पोरं ताप्ती लाइनच्या गाडीत बसून जायची आणि महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या आसपास मनीऑर्डर यायची. वीस रुपयांना एक रुपया कमिशन असायचं. फॉर्मच्या तळाशी संदेशापुरती एक चिठोरी असे, आम्ही तिला कुपन म्हणायचो. पैसे हाती दिले की पोस्टमन ते कुपन फाडून घरच्यांना देई. पैसे किराण्यात जायचे, कुपन देव्हाऱ्यात राहायचं. बाळकृष्णाच्या मागे सुतळीनं बांधलेली कुपनांची गड्डी मी पाहिली आहे. त्यावर मजकूर तरी काय, तर "मी खुशाल आहे. तब्येतीस जप. आखाजीला येतो."

व्हरांड्यातल्या बाकावर लिहिली जायची ती या कुपनांची उत्तरं.

पारोळ्याच्या माझ्या वरिष्ठांना हे काम माझ्या आधीपासून येत होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला लिहिताना पाहिलं. समोर एक म्हातारी बोलत होती आणि मी तिचं बोलणं नीटनेटकं करून, शाळेतल्या पत्रलेखनाच्या थाटात उतरवायच्या बेतात होतो. कागदावर अजून मायनाच झाला होता. त्यांनी मला आत बोलावलं आणि एवढंच सांगितलं, "तोंड त्यांचं, हात आपला. मध्ये आपण यायचं नाही." ते धुळ्याकडचे होते आणि फार बोलत नसत. पुढच्या सगळ्या नोकरीत मला याहून उपयोगाचं कुणी काही शिकवलं नाही.

ते सोपं नव्हतं. माणसं पत्र सांगतात तेव्हा सरळ सांगत नाहीत. गाय व्याली, गोऱ्हा झाला. पाऊस आला नाही. मग एकदम, काकाचं बरं नाही. मग पुन्हा गाय. मधल्या विषयावर ती फार वेळ टिकू शकत नाहीत म्हणून गाईकडे परत येतात, हे मला हळूहळू कळू लागलं. मी तो क्रम लावून टाकला असता, आधी काका, मग पाऊस, मग गाय, तर पत्र व्यवस्थित झालं असतं आणि त्या बाईची घालमेल त्यातून निघून गेली असती. म्हणून गाय जिथे आली तिथेच लिहायची. शेवटी नावं यायची. आळीतल्या प्रत्येकाचा रामराम, प्रत्येक लेकराचा पापा. अंतर्देशीय पत्राची जागा संपत आलेली असायची आणि नावं संपत नसायची. तेव्हा अक्षर लहान करायचं, पण नाव गाळायचं नाही. सुरतेच्या खोलीत ते पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचणार आणि आपलं नाव आलं की नाही याकडे भोवतीच्या गाववाल्यांचे कान लागलेले असणार, हे मला माहीत होतं.

अहिराणीत सांगितलेलं अहिराणीतच लिहायचो. 'माले', 'तुले', 'शे' सगळं तसंच. काही सहकाऱ्यांना ते बरं वाटत नसे. पत्र म्हणजे शुद्ध मराठी, अशी त्यांची समजूत होती आणि ती चुकीच्या हेतूनं नव्हती. पण एका श्रावणात कानबाईच्या सणासाठी सुरतेहून आलेला एक मुलगा मुद्दाम पोस्टात आला. त्याच्या आईची पत्रं मी लिहायचो. खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "चिठ्ठी आयकी आनि माय बोली राह्यनी आसं वाटनं." एवढं बोलून तो गेला. त्या दिवशी माझ्या हातानं काय केलं पाहिजे आणि काय करू नये, हे मला पक्कं समजलं. जळगावला आल्यावर लेवा बोली कानावर पडू लागली, तिची ढब वेगळी; ती ऐकून लिहायला वेगळा कान लावावा लागला. सातपुड्याच्या पायथ्याकडून पावरा माणसं येत, त्यांच्यासोबत एखादा दुभाष्या असे. तिथे मी आधी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचो, मग दुभाष्याकडे.

आखाजीच्या आधी लेकींना लिहायची पत्रं वाढायची. अक्षय तृतीयेला माहेरी आणायला मुऱ्हाळी कधी निघणार, हे कळवायचं असे. सासरी गेलेल्या पोरीला त्या एका ओळीनं किती दिवस पुरतात, हे सांगणाऱ्या बापाच्या आवाजावरून कळायचं. एरवी "लिही, लिही" म्हणून घाई करणारी माणसं त्या ओळीपाशी थांबत आणि पुन्हा वाचून दाखवायला लावत.

या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. कुणी मूठभर शेंगा ठेवल्या, कुणी भरताची दोन वांगी, रावेरकडच्या एखाद्यानं केळ्याची फणी, तर घेतलं. नाही म्हणणं त्यांना लागलं असतं. पैसे न घेण्याचं कारण मात्र मोठेपणाचं नव्हतं. ते मला तारेच्या खिडकीवर सापडलं. तारेला शब्दागणिक पैसे पडायचे. बाप शेवटचा श्वास मोजत असताना मुलगा फॉर्मवर शब्द खोडताना मी पाहिला आहे. "फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली." चार शब्द. त्यात बापाची आठवण नाही, आईची अवस्था नाही, काही नाही. मोजून पैसे द्यायचे म्हटलं की माणूस आपलं दुःखही कापून बसवतो. बाकावर मी चार आणे घेतले असते, तर त्या म्हातारीनं गाय गाळली असती, निम्मी नावं गाळली असती. देवानं हाताला फुकट दिलेलं होतं, म्हणून ते फुकट पुढे जाऊ शकत होतं, आणि फुकट जात होतं म्हणूनच पत्र पुरं होत होतं.

तारेवरून पारोळ्याचा एक पोस्टमन आठवतो. त्याचं अक्षर वाईट, हिशेबात कच्चा. पण वाईट बातमीची तार घेऊन जायची झाली की पोस्टमास्तर त्यालाच धाडत. तो दारात उभा राहून तार वाचत नसे. आधी पाणी मागायचा. घरातली बाई पाणी आणायला आत गेली की ओट्यावर बसायचा. पाणी पिऊन झालं की म्हणायचा, "बसा." ती बसली, शेजारीण आली, मगच तो कागद उघडायचा. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. खात्याच्या नियमावलीत ते कुठे लिहिलेलं नव्हतं. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या इतिहासावर पुष्कळ छापून आलं. मला त्या माणसाचा रिकामा तांब्या आठवत होता.

धुळ्याला बदली झाली तेव्हा मी विनोबांची 'गीता प्रवचने' पहिल्यांदा नीट वाचली. ती धुळ्याच्या तुरुंगात झाली, हे शाळेत ऐकलेलं होतं. १९३२ च्या २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. समोर सत्याग्रही कैदी होते, त्यांत जमनालाल बजाजही होते. आणि एका बाजूला बसून साने गुरुजी लिहून घेत होते. ते नसते तर ते बोलणं त्या भिंतींच्या आतच विरून गेलं असतं.

या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण ती माझ्या कामाची गोष्ट आहे. साने गुरुजींना लघुलेखन येत नव्हतं. ते साध्या लिपीतच भराभर उतरवत गेले. पण त्याहून मोठी गोष्ट मला पुढे जाणवली. साने गुरुजींची स्वतःची लेखणी कशी होती, ते महाराष्ट्राला माहीत आहे. ओसंडून वाहणारी, डोळे भरून येणारी. 'गीता प्रवचने' वाचताना ती लेखणी कुठेच दिसत नाही. तिथे विनोबाच बोलतात: मोजकं, गणितासारखं नेमकं, मध्येच एखादा खेड्यातला दाखला. लिहिणारा पूर्ण बाजूला झाला आहे. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्याच हातानं पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली, आणि तिथे मात्र प्रत्येक ओळ त्यांचीच आहे. ज्याला स्वतःचं इतकं सांगायचं होतं, तो अठरा रविवार दुसऱ्याचं लिहीत बसला. माझ्या दृष्टीनं साने गुरुजींच्या सेवेतली ही सगळ्यात कठीण सेवा असावी.

ती त्यांना एकाएकी जमली नसणार. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. मूठभर मुलं वाचणार, त्यासाठी रोज एवढं लिहायचं. त्याच गावात मी पुढे नोकरी केली, त्याच शाळेवरून रोज सायकलवर गेलो. मनात यायचं, आपल्या बाकावरचं काम लहान आहे म्हणून त्याची लाज वाटायचं काही कारण नाही.

विनोबांनी चौथ्या अध्यायावर बोलताना कर्माला विकर्माची जोड हवी असं म्हटलं आहे. बाहेरून हात जे करतो त्यात आतून मन मिळालं पाहिजे, मिळालं की त्या कर्माचं ओझं राहत नाही. मी पंडित नाही. पण दिवसभर काउंटर करून थकल्यावरही बाकावरची पत्रं मला जड का जात नव्हती, याचं उत्तर मला तिथे मिळालं. तेच पेन, तोच हात. खिडकीच्या आतला थकलेला आणि बाहेरचा ताजा.

आणि लिहून घेण्याचीच दुसरी गोष्ट, असोद्याच्या बहिणाबाईंची. जळगावपासून असोदं हाकेच्या अंतरावर. बहिणाबाई चौधरी १८८० साली तिथे जन्मल्या आणि १९५१ मध्ये गेल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचत आणि त्या म्हणत. मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकल्या तेव्हा लिहून घेतल्या, म्हणून त्या उरल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी होते. आईची ओवी पुस्तकी मराठीत बसवणं त्यांना काहीच अवघड नव्हतं. त्यांनी ती आईच्याच बोलीत ठेवली. शेतात एकटीनं निंदताना म्हटलेल्या किती ओव्या वाऱ्यावर गेल्या असतील, जवळ कुणी लिहिणारं नव्हतं म्हणून, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. जळगावच्या विद्यापीठाला आता बहिणाबाईंचं नाव आहे. पण जात्याशेजारी वही घेऊन बसणारा एक माणूस असतो तेव्हाच पुढचं सगळं होतं.

लिहिलेलं जपणारी धुळ्यात आणखी एक जागा आहे, समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचे वकील. १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन झाली आणि देवांनी मठामठांतून हिंडून रामदासी वाङ्मयाच्या पोथ्या आणि बाडं जमवली. समर्थांच्या स्वतःच्या हातची म्हणून जपलेली वाल्मीकिरामायणाची प्रत तिथे आहे. ती अक्षरं पाहून आल्यावर मी घरी 'दासबोध' काढला आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचला. तो सगळा अक्षरावरच आहे. ओळी सारख्या असाव्यात, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत एकाच टाकानं लिहिल्यासारखं दिसावं. हे मला माहीत होतं, गुरुजींनी मार देऊन शिकवलं होतं. पण त्यातली एक गोष्ट नवी होती: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाचं राहत नाही. म्हणजे लिहिताना पुढे वाचणाऱ्याचे डोळे मनात धरायचे. त्यानंतर पासबुकावर नोंदी करतानाही मी आकडे मोठे काढू लागलो. पेन्शनीची माणसं पासबुक डोळ्यांपासून लांब धरून बघतात, हे तोवर मी रोज पाहत होतो आणि तरी मला ते सुचलं नव्हतं.

धुळ्यातच घरचं एक माणूस काही दिवस सरकारी रुग्णालयात होतं. वॉर्डात रात्री बसून राहावं लागे. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला चार प्रकारच्या गोळ्या होत्या आणि सोबतीला नात, तिलाही वाचता येत नव्हतं. मी पाकिटांवर सूर्य आणि चंद्र काढून दिले: सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर, जेवणानंतरची असेल तर भाकरीचा गोल. दुसऱ्या दिवशी वॉर्डभरची पाकिटं माझ्याकडे आली. त्याच वॉर्डात एक सिस्टर होत्या. लहान मुलाची शीर सापडत नसली की बाकीच्या त्यांना हाक मारत. हात इतका हलका की पोर रडायचं ते सुई गेल्यावर, आणि तेही आईकडे बघून. रात्रपाळी संपून निघालेल्या त्या बाई शेवटच्या खाटेवरून हाक आली तर पर्स ठेवून परत फिरायच्या. मी त्यांना म्हटलं, देवानं तुमच्या बोटांत काहीतरी ठेवलंय. त्या म्हणाल्या, "ठेवलंय ना, मग काढायला नको का?"

माणसं आपल्या देणगीकडे बघत नाहीत, कारण तिला नाव नसतं. गाणं आलं, चित्र आलं तर लोक कला म्हणतात. पण लग्नाच्या पंगतीत कुणाचं ताट रिकामं आहे ते ज्याला न बघता दिसतं, भांडणाऱ्या दोन भावांमध्ये ज्याचा आवाज चढत नाही, एसटीत ज्या कंडक्टरला म्हातारीचं गाव लक्षात राहतं आणि फाटा आला की तो तिला उठवतो, त्याला काय म्हणायचं? बाईच्या हाताला चव असते, हे आपण म्हणतो. कळण्याची भाकरी आणि ठेचा करून सिव्हिल हॉस्पिटलमध्ये परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी डबा पाठवणारी एक शेजारीण जळगावात आमच्या गल्लीत होती. तिला कुणी समाजसेविका म्हटलं नाही आणि तिला ते आवडलंही नसतं. ती डबा रिकामा आला का, एवढंच विचारायची.

पुढे मोबाइल आले. सुरतेची पोरं आईशी रोज बोलू लागली आणि बाक रिकामा झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आईचा खरा आवाज मुलाच्या कानात जात असेल तर माझ्या अक्षराची गरज संपली, ते चांगलंच झालं. त्या वर्षांत मी बायकांना सही शिकवली. बचत गटाच्या बायका अंगठा द्यायला यायच्या. प्रत्येकीचं नाव कागदावर मोठ्या ठिपक्यांत लिहून द्यायचो, ती घरी पाटीवर गिरवायची. पुढच्या खेपेला ती अंगठ्याचं पॅड हातानं बाजूला सारायची.

निवृत्त झाल्यावर जळगावात एका परिचितानं विचारलं, अंध मुलांना परीक्षेला लेखनिक हवे असतात, याल का? मी त्याची चौकशी केली. तेव्हा लागू असलेल्या केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवारानं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं लागे. पदवीधरांना, प्राध्यापकांना इच्छा असूनही पुष्कळ परीक्षांना लेखनिक म्हणून बसता येत नसे. मी बारावी. पदवी घेता आली नाही याची रुखरुख मला नोकरीभर होती, बढतीच्या वेळी तर फारच. आणि आता तेवढ्यावर थांबलेलं शिक्षणच कामाला आलं. देव देतो ते आणि देत नाही ते, दोन्ही कुठे लागेल ते आपल्याला आधी कळत नाही.

अंध उमेदवाराला तासाला किमान वीस मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. सुरुवातीला बोटं आखडायची. पण खरी परीक्षा बोटांची नसते. वस्तुनिष्ठ प्रश्न वाचताना चारही पर्यायांना आवाज सारखा ठेवावा लागतो. बरोबर पर्यायापाशी आवाज जरासा थांबला तर समोरच्याला तो लगेच कळतो. त्यांचे कान फार तीक्ष्ण असतात. उत्तर ऐकून 'हं' म्हणायचं नाही, कारण प्रत्येक 'हं' वेगळा असतो. आणि उमेदवारानं चुकीचं उत्तर सांगितलं, ते चुकीचं आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं, तरी हातानं तेच, तितक्याच चांगल्या अक्षरात लिहायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा घशाशी काहीतरी आलं. पण तो पेपर त्या मुलाचा होता. त्याला दयेनं मिळालेला एक गुण नको होता, स्वतःचे मिळालेले हवे होते. पारोळ्याच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं तेच पुन्हा नव्यानं करायचं होतं.

दहावीच्या मुलांना मात्र माझा उपयोग नाही. तिथे लेखनिक नववीचा किंवा त्याहून खालच्या वर्गातला लागतो. आणि अशी मुलं मिळणं अवघड जातं. पालकांना वाटतं, आपल्या मुलाचा अभ्यास बुडेल. म्हणून दोन हिवाळे झाले, मी आमच्या भागातली आठवी-नववीची मुलं शनिवारी दुपारी घरी बोलावतो. अक्षर बरं असलेली आणि स्वभावानं शांत असलेली. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. एक डोळे मिटून उत्तर सांगतो, दुसरा लिहितो, मग अदलाबदल. प्रश्न गुणांसकट वाचायचा. पान उलटण्याआधी विचारायचं. मागचं वाक्य वाचून दाखवायला सांगितलं तर कंटाळा न करता दाखवायचं. आकृती काढायची असेल तर सांगेल तेवढीच काढायची.

गेल्या शनिवारी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, मला उत्तर येत असेल आणि तो चुकीचं सांगत असेल तर?"

"तर चुकीचं लिहायचं."

तिला ते पटलं नाही. बाकीची मुलंही माझ्याकडे बघत होती. मी त्यांना साने गुरुजींचं सांगितलं, धुळ्याच्या तुरुंगाचं, आणि पेपर ज्याचा आहे त्याचाच राहिला पाहिजे हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाहेर आल्यावर सांगितलं तर चालेल?"

"त्यानं विचारलं तर सांग."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर त्याला केंद्राबाहेर त्याच्या घरच्यांपर्यंत पोचव, आणि पुढचा पेपर कधी आहे ते विचारून ये."

तिनं मान हलवली. मी इतिहासाचा जुना पेपर काढला आणि पहिला प्रश्न वाचायला तिच्याच हातात दिला. चारही पर्यायांना आवाज सारखा आला नाही. पुन्हा वाचायला सांगितलं.